वाचकांचे प्रश्न : विद्यार्थ्यांची बाजू मांडणारे पद आणि त्याची निवडणूक

प्रश्न : मी मूळचा सांगली जिल्ह्यातील असून गेल्या सप्टेंबरपासून इंग्लंडमधील एका विद्यापीठात एक वर्षाची एमएस्सी करीत आहे. ऑक्टोबरमध्ये वर्गाने मला कोर्स रेप, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, म्हणून निवडले. फेब्रुवारीअखेर विद्यार्थी युनियनची निवडणूक आहे आणि तिच्यातील एज्युकेशन ऑफिसरचे पूर्णवेळ पद लढवावे, असे मनात आहे. येथे भारतीय विद्यार्थी पुष्कळ असल्यामुळे त्यांची मते एकगठ्ठा मिळाली तर निवडून येणे अवघड नाही, असे मित्र म्हणतात. मला मात्र इंग्रजीची, व्हिसाची आणि डिझर्टेशनची (शेवटच्या प्रबंधाची) धास्ती वाटते. शिवाय या पदावर बसून नेमके काय करायचे असते, हे मला अजून कुणी नीट सांगितलेले नाही. मार्गदर्शन कराल का?

उत्तर : तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर मनाशी पक्के झाले की बाकीच्या शंका बऱ्याच अंशी आपोआप सुटतात.

ब्रिटनमधील विद्यार्थी युनियन ही विद्यापीठाची शाखा नसते आणि राजकीय पक्षाची आघाडीही नसते. विद्यार्थ्यांनी निवडलेल्या मंडळाने विद्यापीठाशी अधिकृतपणे बोलावे, ही प्रथा तेथे जुनी आहे. एडिंबरो विद्यापीठात अशी प्रतिनिधी परिषद १८८४ मध्ये स्थापन झाली आणि स्कॉटलंडमधील अशा परिषदांना १८८९ च्या कायद्याने मान्यता मिळाली. आज इंग्लंडमध्ये या संस्थांचा मुख्य आधार १९९४ चा शिक्षण कायदा आहे. युनियनची प्रमुख पदे सर्व सभासदांच्या गुप्त मतदानानेच भरली पाहिजेत, निवडणूक निकोप झाली की नाही याची खात्री विद्यापीठाच्या नियामक मंडळाने करून घेतली पाहिजे आणि कोणाही व्यक्तीने पगारी निवडून आलेले पद एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त काळ भूषवू नये, असे तो कायदा सांगतो. तुम्ही जे पद म्हणता त्याला तिकडे सॅबॅटिकल पद म्हणतात, म्हणजे शिक्षण थांबवून किंवा संपवून एक वर्ष पूर्णवेळ आणि पगारी काम करायचे. एज्युकेशन ऑफिसर बहुधा विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळावर, आणि शिक्षणविषयक समित्यांवर बसतो. परीक्षा, फेरपरीक्षा, मुदतवाढ, गैरप्रकारांची चौकशी, वर्गातील अध्यापन, ग्रंथालय या सर्वांचे नियम जेथे ठरतात, तेथे विद्यार्थ्यांची बाजू मांडणारा तो बहुतेक वेळा एकटाच असतो.

एक फरक मात्र उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वीच लक्षात घ्यावा. एखाद्या विद्यार्थ्याचे वैयक्तिक प्रकरण, म्हणजे त्याचे अपील किंवा त्याच्यावरील कॉपीचा आरोप, हाताळण्यासाठी युनियनमध्ये बहुधा प्रशिक्षित सल्लागार नेमलेले असतात. निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याचे काम त्यापुढे सुरू होते. तीच अडचण दहा जणांना आली असेल तर नियमात कोठे चूक आहे हे शोधणे आणि तो नियम बदलून घेणे, हे त्याचे काम. ‘तुमचे प्रत्येकाचे काम करून देतो’ असे सांगून मते मागणारा उमेदवार त्याच्या हातात नसलेली गोष्ट देऊ करीत असतो.

हे सारे मी अनुभवावरून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी मीही इंग्लंडमध्येच शिकत होते, तुमच्यासारखीच आधी कोर्स रेप होते आणि पुढे याच पदावर निवडून आले. त्या प्रवासाची सुरुवात एका अर्जामुळे झाली. माझ्या वर्गातील कऱ्हाडजवळच्या एका मुलाचे वडील मंगळवारी वारले आणि त्याला शुक्रवारी असाइनमेंट द्यायची होती. विमानाचे तिकीट इतक्या तातडीने मिळणे शक्य नव्हते. मुदतवाढीच्या अर्जासोबत सात दिवसांच्या आत पुरावा जोडा, असा नियम होता आणि पुरावा म्हणून चालतील अशा तीन कागदपत्रांची यादी दिलेली होती. घरी भाऊ दिवसकार्यात गुंतलेला. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला आणायचे तेराव्याआधी कुणाला सुचणार? आपल्याकडे मृत्यूची नोंद करण्यासाठी कायद्यानेच एकवीस दिवस दिलेले आहेत. शेवटी भावाने मोबाइलवर स्थानिक वर्तमानपत्रातील ‘दुःखद निधन’चे कात्रण पाठवले. हार घातलेला फोटो, खाली चार ओळी, आणि कोपऱ्यात शेजारच्या जाहिरातीचा तुकडा. तो मुलगा ते कात्रण छापून घेऊन विभागाच्या खिडकीवर गेला. तेथील बाईंनी कागद एकदा उभा, एकदा आडवा धरून पाहिला, अत्यंत सौजन्याने ‘फार वाईट झाले’ असे म्हटले आणि यादीत हे कागदपत्र नाही म्हणून परत केला. त्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांच्या हातात यादी होती आणि यादी करणाऱ्याला कऱ्हाड ठाऊक नव्हते.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून त्या चार ओळींचे इंग्रजी भाषांतर केले, सोबत विनंतीपत्र लिहिले, आणि विभागप्रमुखांनी स्वतःच्या अधिकारात मुदत वाढवून दिली. त्याचे काम झाले, नियम मात्र तसाच राहिला. पुढील दोन आठवडे मी वर्गावर्गांत एकच प्रश्न विचारत फिरले, की पुरावा वेळेत देता न आल्यामुळे कुणाचे गुण गेले आहेत का. नायजेरियाच्या एका मुलीची गोष्ट जवळजवळ हीच होती. नेपाळच्या एका मुलाच्या गावातून कागद यायलाच महिना लागला होता. आणि ज्याची मला मुळीच कल्पना नव्हती असे एक प्रकरण यॉर्कशरच्याच एका मुलीचे निघाले. तिला आजीने वाढवलेले होते, पण नियमातील ‘निकटचे नातेवाईक’ या व्याख्येत आजी बसत नव्हती. मी ज्याला परदेशी विद्यार्थ्यांचा प्रश्न समजत होते तो सर्वांचाच होता, हे मला तिच्यामुळे कळले.

माझ्या जाहीरनाम्यातील पहिला मुद्दा त्यातूनच आला. घरात मृत्यू झाल्यास विद्यार्थ्याचे लेखी निवेदन ताबडतोब ग्राह्य धरावे आणि कागदपत्रांसाठी पुढे चार आठवडे द्यावेत, एवढाच तो होता. निवडून आल्यानंतर ऑक्टोबरमध्ये तो समितीपुढे गेला आणि मंजूर व्हायला मे महिना उजाडला. विद्यार्थी खोटे निवेदन देतील, हा आक्षेप तीन बैठका चालला. मी आवाज चढवून तो सुटला नाही. थोड्या दिवसांच्या आजारपणासाठी विद्यार्थ्याचे स्वतःचे निवेदन पुरेसे मानणारी काही विद्यापीठे होती, त्यांचे लेखी नियम मी समितीपुढे ठेवले, तेव्हा तो सुटला.

म्हणून तुम्हाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की मते मागायला निघण्यापूर्वी दुसऱ्याचा एक तरी प्रश्न शेवटपर्यंत नेऊन पाहा. कोर्स रेप म्हणून तुमच्या हातात आज ती संधी आहे. त्यातून दोन गोष्टी कळतात. निर्णय नेमका कोणत्या टेबलावर होतो ही एक, आणि त्या प्रश्नाने तुमच्यासारखे नसलेले आणखी किती जण त्रासलेले आहेत ही दुसरी. ज्याला या दोन गोष्टी ठाऊक आहेत त्याच्या जाहीरनाम्यात ‘मी विद्यार्थ्यांचा आवाज बनेन’ असली वाक्ये येत नाहीत, आणि ती येऊही नयेत. मुद्दे तीनच ठेवा. प्रत्येक मुद्द्यासमोर तो कोणती समिती ठरवते आणि त्याला पैसे लागणार असतील तर ते कोणाच्या अंदाजपत्रकातून येतात, हे स्वतःच्या वहीत लिहा. हे लिहिता येत नसेल तर तो मुद्दा अजून कच्चा आहे. ‘परदेशी विद्यार्थ्यांची फी कमी करू’ हे आश्वासन टाळ्या मिळवते, परंतु ती फी नियामक मंडळ ठरवते आणि एका पदाधिकाऱ्याच्या एका वर्षात ती खाली येण्याची शक्यता फारच थोडी असते. त्याऐवजी फीचे हप्ते वाढवून मागणे, किंवा फेरपरीक्षेची तारीख विद्यार्थी मायदेशी परतण्याचे तिकीट काढण्यापूर्वी जाहीर व्हावी असा आग्रह धरणे, हे शक्य कोटीतील आहे.

आता एकगठ्ठा मतांविषयी. मित्रांनी सांगितलेला हिशेब चुकीचा आहे, आणि तो तत्त्वाच्या आधी गणितातच चुकतो. बहुतेक युनियनमध्ये मतदान पसंतीक्रमाने होते. मतदार एक, दोन, तीन असे आकडे घालतो, सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे पहिल्या फेरीत आघाडीवर असलेला उमेदवार, दुसऱ्या कुणाच्याही यादीत दुसरा नसल्यामुळे, शेवटच्या फेरीत मागे पडलेला मी पाहिला आहे. त्यातच मतपत्रिकेवर ‘पुन्हा अर्ज मागवा’ असाही एक पर्याय असतो. तो उमेदवारासारखाच मोजला जातो आणि एकट्याच उभ्या असलेल्या उमेदवारालाही हरवू शकतो. अनेक विद्यापीठांत चौथाई विद्यार्थीसुद्धा मत देत नाहीत, हे खरे असल्यामुळे संघटित गटाला वजन येते, हे मी नाकारत नाही. परंतु नर्सिंगचे विद्यार्थी वर्षातील निम्मा काळ रुग्णालयात असतात, अर्धवेळ शिकणाऱ्या माता संध्याकाळी येतात, पीएचडीवाले प्रयोगशाळेतून बाहेर पडत नाहीत, आणि त्यांच्याकडे सहसा कोणताच उमेदवार जात नाही. तुम्ही जा. त्यांना भाषण देऊ नका, प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या.

आपल्याकडील विद्यार्थ्यांना या निवडणुकीचा अंदाज येत नाही, यात त्यांचा काही दोष नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयातील प्रतिनिधी गुणवत्तेच्या यादीवरून नेमले जाऊ लागले. खुल्या निवडणुकीची तरतूद २०१६ च्या कायद्याने पुन्हा केली, तोपर्यंत दोन पिढ्या मत न देताच पदवीधर झाल्या होत्या. त्यामुळे निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पॅनेल, गुलाल आणि गावची सोसायटी येते. तिकडची पद्धत शांत असली तरी नियमांच्या बाबतीत फार काटेकोर असते. खर्चाची मर्यादा ठरलेली असते आणि पावत्या द्याव्या लागतात. समूहाचे व्हॉट्सॲप किंवा ईमेलची यादी परवानगीशिवाय प्रचाराला वापरल्यास तक्रार होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुणाचा फोन हातात घेऊन त्याच्या वतीने मत टाकणे, किंवा तो मत देत असताना त्याच्या खांद्यावरून पाहणे, ही गोष्ट उमेदवारी रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते. आपले मित्र हे वाईट हेतूने करीत नाहीत, उत्साहाच्या भरात करतात. तरीही प्रचार करणाऱ्याच्या वागण्याची जबाबदारी बहुधा उमेदवारावरच येते. म्हणून पहिल्याच दिवशी सर्व मित्रांना एकत्र बसवून नियम वाचून दाखवा, आणि जो नियम समजला नाही तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी विचारा.

इंग्रजीची धास्ती सोडा. उमेदवारांच्या जाहीर सभेत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात आणि मग प्रश्न येतात. पाठ केलेले भाषण मध्येच विसरले की मनुष्य गडबडतो. सावकाश सांगितलेली खरी हकिकत विसरली जात नाही. मी त्या सभेत ते कात्रण हातात धरून उभी होते आणि माझे व्याकरण दोनदा चुकले, पण त्याबद्दल मला कुणीही काही म्हटले नाही.

व्हिसाविषयी मी सर्वसाधारण माहितीच देऊ शकते. विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाला असलेल्यांना सत्रकाळात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते, मात्र निवडून आलेल्या सॅबॅटिकल पदाधिकाऱ्यासाठी नियमांत वेगळी तरतूद आहे आणि हे पूर्णवेळ काम जास्तीत जास्त दोन वर्षे करता येते. तुमचा व्हिसा त्यापूर्वी संपत असेल तर विद्यापीठाच्या पाठिंब्याने तो वाढवून घ्यावा लागेल. पुढे नोकरीसाठी राहण्याचा विचार असल्यास त्याचे वेळापत्रकही याच वेळी तपासून घ्या. ब्रिटनमध्ये व्हिसाविषयक सल्ला देण्याचा अधिकार कायद्याने ठरावीक व्यक्तींनाच आहे, तेव्हा ग्रुपवरील अनुभवी दादांना विचारण्याऐवजी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातील सल्लागाराची भेट अर्ज भरण्याआधी घ्या.

डिझर्टेशनची काळजी मात्र रास्त आहे, आणि तिच्याकडे उमेदवारांचे हमखास दुर्लक्ष होते. नवे पदाधिकारी जून-जुलैमध्ये सूत्रे हाती घेतात आणि एक वर्षाच्या एमएस्सीचे डिझर्टेशन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यायचे असते. ते दोन-तीन महिने माझे फार कठीण गेले. दिवसा प्रशिक्षण आणि ओळखीच्या बैठका, रात्री प्रकरण चौथे. मार्गदर्शक प्राध्यापकांशी फेब्रुवारीतच बोला आणि मे अखेरपर्यंत निम्मे लेखन हातावेगळे करण्याचे ठरवा. युनियनलाही सुरुवातीच्या आठवड्यांत कामाचे तास कमी ठेवता येतील का, हे विचारा. काही ठिकाणी ती सोय मिळते.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. अभ्यासक्रम संपल्यावर नोकरी शोधण्याऐवजी युनियनच्या कल्याणविषयक पदासाठी उभी राहते असे ती म्हणते. आम्ही शिक्षणकर्ज काढले आहे. एक वर्ष राजकारणात घालवून तिचे नुकसान तर होणार नाही ना? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमची काळजी कर्जाच्या बाजूने अगदी योग्य आहे, म्हणून आधी तेच पाहू. या वर्षात विद्यापीठाची फी द्यावी लागत नाही आणि पगार मिळतो. परंतु बँकेच्या दृष्टीने हे वर्ष शिक्षणाचे नव्हे. बहुतेक शिक्षणकर्ज योजनांत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत, म्हणजे तिचे पद संपत असतानाच हप्ता दारात उभा राहील. आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन मंजुरीपत्रात नेमके काय लिहिले आहे ते पाहावे आणि तिच्या पगारातून दरमहा किती बाजूला ठेवता येईल, याचा हिशेब मायलेकींनी एकत्र बसून करावा.

राजकारणाविषयी म्हणाल, तर ही पदे बहुतेक ठिकाणी पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाहीत. युनियन ही कायद्याने धर्मादाय संस्था असते आणि प्रमुख पदाधिकारी बहुधा तिचे विश्वस्त होतात. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला ताळेबंद वाचणे, नोकरवर्गाविषयीचे निर्णय घेणे आणि वयाने दुप्पट असलेल्या प्राध्यापकांसमोर मुद्दा मांडणे, हे सारे जबाबदारीने करावे लागते. तिला एवढेच विचारा की कोणता एक प्रश्न सोडवण्यासाठी ती उभी राहते आहे. तिने घरभाड्याचा, समुपदेशनासाठी लागणाऱ्या रांगेचा किंवा रात्रीच्या बसचा असा ठोस प्रश्न सांगितला आणि त्यावर ती दहा मिनिटे न थांबता बोलली, तर तिला जाऊ द्यावे असे मी म्हणेन. नोकरी मिळत नाही म्हणून एक वर्ष ढकलायचे, असे कारण तिच्या बोलण्यात जाणवले, तर मात्र तिला थांबवावे. ते वर्ष अवघड असते आणि तेवढ्या कारणावर निभावत नाही.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथील एका महाविद्यालयात एमए करते. आमच्याकडे निवडणूक झालेली मी पाहिलेली नाही. विद्यार्थ्यांची बाजू अधिकृतपणे मांडायची असेल तर आमच्यासाठी कोणता मार्ग आहे?

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तिच्यात एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून असतो, पण तो गुणवत्ता, क्रीडा किंवा इतर उपक्रमांतील कामगिरीवरून नेमला जातो. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर समाधान न झाल्यास पुढील पंधरा दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. तक्रार लेखी द्या, तिच्या प्रतीवर पोच घ्या आणि तारीख स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवा.

निवडून येण्याची जागा मात्र दुसरीकडे आहे आणि ती फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन स्तरांवरील प्रत्येकी एक असे तीन विद्यार्थी सदस्य असावेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असे आयोगाचे २०१५ चे नियम सांगतात. पदव्युत्तर स्तरावरील जागा तुमच्यासारख्या विद्यार्थिनीसाठीच आहे. आपल्या महाविद्यालयात त्या जागेवर सध्या कोण आहे आणि तिची निवड कोणत्या तारखेला, कशी झाली, हे प्राचार्यांना एका साध्या अर्जाने विचारा. अर्जावर वर्गातील आणखी चौघीपाचजणींच्या सह्या घ्या.